नवरीची उंची

गोष्टींमध्ये नायिकेची धडक बसते तेव्हा तिच्या हातातून पुस्तकं पडतात, नाहीतर फुलं. टिकलीच्या हातातून मासा सुटला. तोही साधासुधा नव्हे — सहा फुटांचा, थर्माकोलचा, अंगावर अजून ओला निळा रंग. सजावटीच्या कारखान्याचा जिना अरुंद, मासा आडवा, आणि तो घेऊन खाली उतरणारी मुलगी जेमतेम पाच फुटांची. पुढचं काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. वर येणाऱ्या माणसाने मासा छातीवर झेलला म्हणून मासा वाचला. तिचा चष्मा मात्र चार पायऱ्या खाली गेला आणि त्याची एक काडी निखळली.

“डोळे कुठे होते तुमचे?” टिकली कडाडली.

“माझे जागेवरच आहेत,” तो म्हणाला. “तुमचे खाली पडलेत… थांबा, हलू नका. पाय पडेल.”

त्याने मासा भिंतीला टेकवला, पायरीवर बसकण मारली आणि शर्टाच्या खिशातून बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला. हा माणूस डोळे तपासायचा, चष्मे करायचा. त्याच्या खिशात एकवेळ रुमाल नसेल, पण ते हत्यार असायचंच. दोन मिनिटांत काडी बसली. मग त्याने चष्मा स्वतःच तिच्या नाकावर ठेवला, एका बोटाने तिची हनुवटी जराशी वर केली आणि दोन्ही काचा एका रेषेत आहेत का ते निरखून पाहिलं. इतक्या जवळून आणि इतकं कामापुरतं तिच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

“आता सांगा. आधी बरं होतं, की हे?”

“हे,” ती म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली. “आणि… आलात कोणाकडे?”

“सजावट ठरवायची होती. लग्नाची.”

“कोणाच्या?”

त्याने शर्टाला लागलेल्या निळ्या डागाकडे पाहिलं. “माझ्या.”

तर ही अशी सुरुवात. पुढे काय होणार ते इथेच दिसत होतं, आणि चष्माही नुकताच नीट झाला होता. पण प्रेमात पडणाऱ्या माणसाला समजवायला जाऊ नये. ती माणसं सगळं ऐकतात, मान डोलावतात आणि पडतात.

कारखाना टिकलीच्या आत्याचा. टिकली हे नावही आत्यानेच ठेवलेलं — उंचीवरून आणि स्वभावावरून, दोन्हीवरून. कारखान्यात गिऱ्हाइकांना नावं नसत. वर्षाला चाळीस लग्नं. कोण कोणाची नावं लक्षात ठेवणार? प्रत्येक मुलगा ‘नवरदेव’, प्रत्येक मुलगी ‘नवरीबाई’, आणि लग्न पार पडलं की सगळे विसरायला मोकळे. टिकलीही त्याला पहिल्या दिवसापासून नवरदेवच म्हणत आली. ते बरंही होतं. दिवसातून दहा वेळा तोंडाने म्हटलं की निदान कानांना तरी आठवण राहते.

नवरीबाई लांब असायच्या, समुद्रकाठच्या एका शहरात. तिथल्या बंदरावर जहाजातला माल उतरवून घेण्याचं काम त्यांच्या हाताखाली चाले. लग्न मात्र नवरदेवाच्या गावात होतं, जिथून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की समुद्रच गावात आणायचा. फोनवर त्यांचा आवाज खणखणीत यायचा.

“मासे फार नकोत हं, बाजारात आल्यासारखं वाटेल. भिंतींना फिकट निळं कापड, खाली गडद होत जाणारं. टेबलांवर जाळी आणि काचेचे गोळे. आणि आमच्या डोक्यावर शिंपल्यांची कमान. प्लॅस्टिकचे शिंपले मला चालणार नाहीत. मी पाठवते.”

आणि खरंच पोतं आलं. उघडल्यावर कारखान्यात खारट, कुबट असा वास पसरला. आत्याने नाकाला पदर लावला. टिकलीने समुद्र कधी पाहिला नव्हता. तिने मूठभर शिंपले ओंजळीत घेतले आणि वास घेत बसली.

“दोन वर्षं दर रविवारी जमवतेय ती,” नवरदेव म्हणाला.

“आणि तुम्ही?”

“मी काय?”

“तुम्ही दोन वर्षं काय जमवलंत?”

तो हसला. हसला की त्याच्या डोळ्यांच्या कडांना बारीक रेघा पडत. “मला काय, सगळं चालतं.”

हे त्याचं पालुपद होतं. कापड हे की ते? “तुम्ही म्हणाल तसं.” जाळी पांढरी की मातकट? “तुम्हाला जास्त कळतं.” सगळे नवरदेव एकतर हुज्जत घालतात, नाहीतर फोनमध्ये डोकं घालून बसतात. हा मात्र नमुन्याच्या प्रत्येक तुकड्याला हात लावायचा, टिकलीच्या तोंडाकडे बघायचा आणि तिला जे आवडलंय तेच त्यालाही आवडायचं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिचं सगळं ऐकत होतं. तिला तो समजूतदारपणा वाटला. वाटणारच. चोवीस वर्षं आत्याच्या हुकमाखाली काढल्यावर कोणालाही वाटेल.

आत्याचा एक कडक नियम होता. हॉलवर काहीही न्यायच्या आधी ते कारखान्यात उभं करायचं आणि त्यात हाडामांसाची माणसं उभी करून बघायचं. रिकाम्या खुर्चीवर उजेड कसाही छान दिसतो, माणूस बसला की कळतं नाक कुठे काळं पडतंय ते. माळाही तशाच कापायच्या: खाली माणूस उभं करून, डोक्याच्या वर चार बोटं ठेवून. एरवी नवरदेव म्हणून म्हातारे सुतारमामा उभे राहत आणि नवरी म्हणून टिकली. जोडी बघून सगळा कारखाना हसत असे.

या वेळी खरा नवरदेवच हजर होता.

“नवरीबाईंची उंची किती?” टिकलीने टेप काढत विचारलं. वही उघडली, पेन्सिल कानावरून घेतली.

तो कमानीच्या सांगाड्याखाली उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं — डोक्यापासून पायापर्यंत, पुन्हा पायापासून डोक्यापर्यंत, अगदी निवांत.

“असेल…” तो म्हणाला, “तुमच्याएवढीच.”

टिकलीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. फोन करून विचारणं तिच्या हातात होतं. ते कामच होतं तिचं. पण तिने वहीत ‘नवरी — माझ्याएवढी’ असं लिहिलं, आणि ते दोन शब्द दिवसभरात निदान सहा वेळा उघडून वाचले.

पहिली चाचणी कमानीची. दुसरी माळांची. सुतारमामा शिडीवर बसून नायलॉनच्या दोऱ्या कापत होते, आणि खाली ही दोघं मान सरळ ठेवून शेजारी शेजारी.

“हलू नका,” टिकली ओठ न हलवता म्हणाली.

“श्वास घेतला तर चालेल?”

“थोडा.”

“तुम्ही घेताय का? मला ऐकू येत नाहीये.”

“नवरदेव, गप्प उभे राहा. मामांच्या हातात कात्री आहे.”

तिसरी चाचणी दिव्यांची. भरदुपारी खिडक्यांना काळं कापड लावलं आणि निळे दिवे सोडले, तसा सगळा कारखाना पाण्याखाली गेल्यासारखा झाला. नवरदेवाचा हात तिच्या हाताला लागला. तो त्याने काढला नाही. तिनेही नाही. मामा दिवे हलवत बसले आणि विचारत राहिले, “हे बरं, की मघाचं?” कोणीच उत्तर देईना.

चौथ्या चाचणीला कारण नव्हतं. सगळं पास झालं होतं. तरी टिकली म्हणाली, “एकदा पुन्हा बघून घेऊ,” आणि तो म्हणाला, “तुम्ही म्हणाल तसं.” आत्याने हिशेबी नजरेने भाचीकडे पाहिलं. “अगं, कमान तपासतेस की स्वतःला?” एवढंच म्हणाली, आणि बाहेरच्या कामाला निघून गेली. सांगून उपयोग नाही हे तिला माहीत असावं.

त्या दिवशी पाऊस होता. पत्र्यावर असा काही बदाबदा कोसळत होता, की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. टिकलीचे केस एका माळेत गुंतले. तो सोडवायला लागला. एकेक केस, न ओढता, चष्म्याच्या स्क्रूसारखा. त्याची बोटं थंड होती. त्याच्या शर्टाला साबणाचा वास येत होता आणि शिंपल्यांना समुद्राचा.

“कधी कधी वाटतं…” तो तिच्या कानाशी म्हणाला.

“काय?”

पाऊस पडत होता. ती थांबली. तिने इतका वेळ कशाचीच वाट पाहिली नव्हती.

“काय वाटतं?”

“काही नाही. सुटले केस.”

घरी जाताना ती छत्री असूनही भिजली आणि स्वतःला शिव्या घालत राहिली. तिला तो हवा होता. साध्या, सरळ शब्दांत हवा होता. आणि लग्नाला नऊ दिवस राहिले होते. तो एकदा बोलला तर पुढचं सगळं ती बघून घेणार होती — आत्याला, त्याच्या घरच्यांना, लोकांच्या तोंडांना. फक्त त्याने बोलायला हवं होतं. त्या नऊ दिवसांत तिने फोन उशाशी ठेवला, आंघोळीला जाताना दाराशी ठेवला. फोन आला तो नवरीबाईंचा. शिंपले फुटले तर नाहीत ना, हे विचारायला.

लग्नाच्या दिवशी सकाळी हॉल तयार होता. खरंच सुरेख झाला होता. दारातून आत पाऊल टाकलं की फिकट निळं, आणि जसजसं पुढे जावं तसतसं गडद; टेबलांवर जाळी, जाळीत काचेचे गोळे, गोळ्यांत उजेड. पाहुणे यायला तासभर अवकाश होता. नवरदेव दाढी करून, नव्या कपड्यांत कोपऱ्यात उभा होता. टिकलीने त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तो कुठे उभा आहे हे तिला प्रत्येक क्षणी माहीत होतं.

नवरीबाई एकट्याच आल्या, हॉल बघायला. दारातच थबकल्या.

“अगं बाई…” त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले. “हे माझे शिंपले?”

टिकलीची नजर आधी माळांवर गेली, मग त्यांच्यावर. समोरची बाई उंच होती. चांगली उंच, नवरदेवाच्या बरोबरीची. टिकलीचं डोकं तिच्या खांद्याला लागलं असतं.

नवरीबाई झपाझप चालत आल्या आणि कमानीखाली उभ्या राहिल्या. नवरीच्या बाजूच्या सगळ्या माळा तोंडावर आल्या. कपाळावर, डोळ्यांवर, नाकावर शिंपलेच शिंपले. त्या आधी मोकळेपणाने हसल्या. दोन्ही हातांनी माळा बाजूला करत म्हणाल्या, “अहो, मी लग्न करू की यातून वाट काढू? कोणाच्या मापाने कापलंत हे?”

आत्या पुढे आली. तीस वर्षांत तिची एक माळ चुकली नव्हती. “टिकले! माप कोणी दिलं?”

खोटं बोलायला वेळही होता आणि वावही होता. “नवरदेवांनी,” टिकली म्हणाली.

नवरीबाईंनी माळांमधून त्याच्याकडे पाहिलं. “तू?”

“मी… अंदाजाने सांगितलं,” तो म्हणाला. “चाचणीला या उभ्या राहत होत्या तुझ्या जागी, म्हणून…”

“लोकांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर केसभरही न चुकता मोजतोस तू.” त्यांचा आवाज खाली आला. “आणि मी केवढी आहे ते तुला माहीत नाही?” मग टिकलीकडे वळून, “किती वेळा उभी राहिलीस?”

“चार.”

“एरवी किती लागतात?”

  सुतारमामांनी शिडीची पायरी उगाचच फडक्याने पुसली.

“तीन,” शेवटी आत्याच म्हणाली.

नवरीबाईंनी माळा हळूच सोडल्या. “मी मागच्या खोलीत आहे,” त्या नवरदेवाला म्हणाल्या. “तुला काय हवंय ते पंधरा मिनिटांत येऊन सांग. काहीही सांग. पण तू सांग.”

आत्याने मामांना बाहेर काढलं, स्वतःही गेली. टिकली शिडीवर चढली. माळा वर घ्यायला हव्या होत्या; लग्न झालं तर त्या बाईच्या डोळ्यांत शिंपले जायला नकोत. दुसरी गाठ सोडत असताना तो खाली येऊन उभा राहिला.

“टिकली…” त्याने पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली. “माझं तुझ्यावर प्रेम आहे. तुलाही माहीत आहे.”

चार महिने याच वाक्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. आता ते आलं, आणि तिला शिडीचा दांडा घट्ट धरावा लागला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. “मग जा,” ती म्हणाली. “जा आणि सांगा त्यांना.”

“तू म्हणालीस तर आत्ता जातो.”

“मी म्हणाले तर?”

“हो. तू फक्त सांग.”

“आणि मी नाही म्हणाले तर?”

तो खाली बघायला लागला. नव्या बुटांकडे. “तर मग… आता सगळे येतीलच. तिचंही मन मोडणार नाही. करेन लग्न.”

“म्हणजे तुम्हाला दोन्ही चालतं.”

“तसं नाही गं —”

“मग कसं?”

  त्याचा चेहरा इतका गोड, इतका लाचार झाला होता, की तिला खाली उतरून तो ओंजळीत धरावासा वाटला. कापड हे की ते, जाळी पांढरी की मातकट… बाई ही की ती. समजूतदार नव्हता तो. त्याला कोणीतरी ठरवून द्यायला हवं होतं, बस्स. आणि पुढे काही बिनसलं तर ‘तूच म्हणाली होतीस’ म्हणायला तो मोकळा. ‘तुमच्याएवढीच’ या शब्दाला तिने प्रेम समजून जपलं होतं. तो बिचारा, समोर जी उभी होती तिला बघून बोलला होता. समोर सुतारमामा असते तर ‘मामांएवढी’ म्हणाला असता.

हे शेवटचं खरं नव्हतं, आणि तिलाही ते माहीत होतं. पण रागाला तेवढं खोटं लागतंच.

ती शिडीवरून उतरली आणि त्याच्या बाजूने निघून गेली. मागच्या खोलीचं दार वाजवलं.

नवरीबाई आरशाकडे पाठ करून बसल्या होत्या. दार उघडलं तेव्हा तो असेल म्हणून त्यांनी वर पाहिलं, आणि टिकली दिसल्यावर चेहऱ्यावरचं सगळं उतरलं.

“त्याने तुला पाठवलं?”

“नाही. मीच आले.” टिकलीने दार लावलं नाही, पाठीला टेकवून धरलं. “तुमचे शिंपले मी ओवलेत. प्रत्येकाला भोक पाडलंय. तुम्ही दोन वर्षं जमवताय हे मला माहीत होतं, आणि तरी… माझं त्याच्यावर प्रेम आहे. फोन करून तुमची उंची विचारता आली असती मला. मी मुद्दाम विचारली नाही. मला ते माप आवडलं होतं. चौथी चाचणी मी लावली, कारण नव्हतं. त्याने मला हातही… हात लावला, एकदा. तिसऱ्या चाचणीला. बाकी काही नाही. आता तो बाहेर उभा आहे आणि मला विचारतोय की त्याने काय करावं.”

 “तू काय म्हणालीस?” नवरीबाईंनी विचारलं.

“काही नाही. इथे आले.”

“मीच मागणी घातली होती त्याला,” त्या म्हणाल्या. हाताची नखं बघत होत्या. “तो ‘चालेल’ म्हणाला. मी मैत्रिणींना सांगत फिरले, किती साधा आहे, अजिबात आढेवेढे घेत नाही.” त्या हसल्या, पण घशातल्या घशात. “दोन वर्षं भांडण नाही झालं आमचं. एकही नाही. मला वाटायचं, नशीब काढलं.”

“मलाही वाटलं,” टिकली म्हणाली.

त्या उठल्या. कानातलं काढून टेबलावर ठेवलं, मग दुसरं. “पाहुणे दारात येतील तेव्हा मी सांगेन त्यांना. ते काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. तू चल, ते सगळं उतरव. शिंपले मी परत नेणार आहे.” दाराशी त्या क्षणभर थांबल्या. “तुला माफ केलंय असं समजू नकोस.”

“नाही समजत.”

“बरं.”

दोघी बाहेर आल्या. तो कमानीखालीच उभा होता, जिथे त्याला सोडलं होतं तिथेच. निळ्या उजेडात फार देखणा दिसत होता. त्याने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि कपाळाचा घाम पुसत, अगदी मनापासून विचारलं —

“मग… काय ठरलं?”

नवरीबाई त्याच्या शेजारून सरळ दारापर्यंत गेल्या आणि पाहुण्यांची वाट बघत उभ्या राहिल्या. टिकली शिडीवर चढली आणि तिने पहिली माळ सोडवायला घेतली. रडू आलं ते तिथे, वर, दोन्ही हात गुंतलेले असताना. पुसताही येईना. एवढं सगळं कळल्यावर प्रेम संपायला हवं होतं, आणि ते संपलं नव्हतं. खाली तो अजून उत्तराची वाट पाहत होता. तिने खाली पाहिलं नाही; गाठ पक्की बसली होती, ती दातांनी सोडवू लागली.